न रडणाऱ्या माणसाचं पुस्तक

दुष्काळी कामावर दुपारची सुट्टी झाली की मस्टर कारकून दत्तोपंत बाभळीखाली पुस्तक उघडून बसायचे. त्र्याहत्तरचा चैत्र होता. मिरजगावच्या अलीकडे पाझर तलावाचा बांध चालू होता. सुकडी खाऊन माणसं सावलीला आडवी व्हायची, पण त्या दिवशी भीमाबाईनं हटकलं, "कारकून, मनातल्या मनात काय वाचताय? आमाला बी सांगा की."

दत्तोपंतांना तेवढंच हवं होतं; ते वाचून सांगू लागले. पुस्तक परदेशातलं, मराठीत आणलेलं, शिकलेल्या लोकांत फार नावाजलेलं. त्यात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एकाची बायको मरते. तो रडत नाही. मयतीच्या वाटेवर रस्त्याकडेचे खांब मोजत जातो. तेवढ्यावरून गाव त्याला वाळीत टाकतं.

मुकादम आसाराम जरा दूर, पाण्याच्या पिंपाला टेकून जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. त्याची बायको रतन पौषात गेली होती, आणि तोही रडला नव्हता. कोणी काही विचारलं नव्हतं. पण आपली तिच्यावर माया होती की नव्हती, हे तेव्हापासून त्याला आत खात होतं. रतनची मावशी बनुबाई त्याच्याच टोळीत मातीच्या पाट्या वाहायची. तीन महिने त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

"असल्याला पायताणानं हाणला पायजे," छगन म्हणाला. "बायको चाललीय अन् हा खांब मोजतोय."

"त्याची दुसरी कुनी आसंल," भीमाबाई म्हणाली. "बाप्याचं डोळं कोरडं दिसलं की समजावं."

"तसं नाही हो," दत्तोपंत म्हणाले. "लेखकाला म्हणायचंय, जगण्याला मुळात काही अर्थच नाही."

"मग आमी ही माती कशापायी वाहतोय? उद्यापास्नं मस्टर कोरं ठिवा," छगन म्हणाला, तशी सगळी हसली.

आसाराम हसला नाही. तो उठून बाभळीपाशी आला.

"मी बी रडलो न्हाई," तो म्हणाला.

छगन चाचरत म्हणाला, "तुमाला कोन हाणतंय, मुकादम? हजेरी तुमच्या हातात."

आसारामला आता थांबता येईना. "सरणापाशी बी माझं ध्यान रतनकडं नव्हतं. मी लाकडंच बघत हुतो. ही ओली, ही वाळली. मानसं रचायची अन् मी उपसायचो. दुसरं काय डोक्यातच आलं न्हाई. मावशी, आता तुमीच सांगा, मी कसला मानूस."

बायांत बसलेल्या बनुबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "ओली काढली? समदी?"

"समदी. बाभळीची हुती. नुसती धुपली असती."

म्हातारी मग म्हणाली, "रतनला धूर सोसायचा न्हाई. चुलीम्होरं खोकून खोकून जीव जायचा पोरीचा. घरात ओलं जळान तुमी कदी येऊ दिलं न्हाई, हे ती मला दर खेपंला सांगायची. सरणावर बी येऊ दिलं न्हाई म्हना की, जावईबापू."

आसाराम तसाच उभा राहिला. त्यानं त्या दिवसाचा हजारदा विचार केला होता, पण हे त्याला कधी सुचलं नव्हतं.

"अन् कारकून," बनुबाई दत्तोपंतांकडे वळली, "त्या गावात त्याला कुनी इचारलं न्हाई का, बाबा खांब कशापायी मोजतूस?"

दत्तोपंतांनी पानं मागंपुढं केली. "नाही. तसं कोणीच विचारत नाही."

"मग गावच येडं."

आसाराम मातीतच खाली बसला. डोळे अजूनही कोरडेच होते, पण आज त्याला त्या कोरडेपणाची भीती वाटत नव्हती. सुट्टी केव्हाच संपली होती, तरी त्यानं शिट्टी वाजवली नाही.

"कारकून, अजून दोन पानं वाचा," तो म्हणाला. "त्यो मानूस काय काय करतो, तेवढं नीट वाचा."