कोपऱ्यातल्या खणाचा बिल्ला

सकाळचा उजेड माझ्याकडे एका भोकातून येतो. स्क्रू बसवताना सुताराचा नेम चुकला आणि तक्त्याला एक नको असलेले भोक पडले. तेवढीच माझी खिडकी. आधी त्या भोकाची कड राखाडी होते. मग दुधात पाणी मिसळावे तसा पांढुरका रंग तिच्यात उतरतो. बऱ्याच वेळाने त्याला पिवळेपणा येतो आणि काडीएवढी बारीक तिरीप आत शिरते. वर जावे की खाली बसावे हे न ठरलेली धूळ तिच्यात तरंगत राहते. तिरीप प्रथम खणाच्या फळीवर टेकते, सरकत सरकत चामड्याच्या दोन चपलांवर येते, त्यांच्या झिजलेल्या अंगठ्यांपाशी थोडी रेंगाळते आणि शेवटी माझ्यावर चढते. क्षणभर मी उबदार होतो. बाहेरच्या पदपथावरून कुणी गेले की ती तुटते आणि पुन्हा जुळते. मला जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. काही घाईचे, काही पेंगुळलेले. त्यांत एक जोडी पाय जरा फाकून पडतात आणि फाटकासमोर किंचित थबकतात. त्यांच्याकडे मी पाहत नाही.

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिल्ला आहे. प्रार्थनागृहाच्या दारात लोक चपला काढून देतात, तेव्हा त्यांच्या हाती जो बिल्ला ठेवतात, त्या जातीचा. एका तांबटाने आम्हाला एकाच पत्र्यातून कापले, कानशीने आमच्या कडा मऊ केल्या आणि प्रत्येकावर ठोकून आकडा उमटवला. माझी पाळी आली तेव्हा त्याला कुणीतरी हाक मारली असावी. मी कोराच राहिलो.

"हा बाद," संस्थेचे कार्यवाह मला बाजूला टाकत म्हणाले.

"बाद कशाला?" चपलांच्या कपाटापाशी उभे असलेले गृहस्थ म्हणाले. "हा मला द्या. माझ्या चपलेला नको का तिकीट?"

ते कंडक्टरकाका. बसवर कंडक्टर होते. नोकरी संपली, त्याच सुमारास काकूही गेल्या आणि रिकामे घर खायला उठू लागले, तेव्हा ते येथे सेवेला आले. तळातला कोपऱ्याचा खण त्यांनी स्वतःसाठी घेतला आणि आत एक खिळा ठोकून मला तेथे जागा दिली. त्यांचा एक नियम होता. खिळ्यावर बिल्ला असेल तर खण रिकामा. खणात चप्पल असेल तर बिल्ला मालकाच्या खिशात. हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला. रोज सकाळी ते चपला खणात ठेवत, मला काढून सदऱ्याच्या खिशात घालत आणि दिवे मालवायच्या वेळी मला खिळ्याला अडकवून चपला पायांत सरकवत. माझे भाऊबंद शेकडो खिसे हिंडून आले. मी एकच खिसा पाहिला. पण त्या खिशाच्या आत छातीचे ठोके ऐकू येत.

"पुढे सरका, मागे जागा नाही!" काका रांगेला सांगत. "चपला जोडीने द्या. वाटेत भांडल्या असल्या तरी जोडीने द्या."

"काका, आज माझ्या सँडलना खिडकीपाशी बसवा हं," एक शिक्षिकाबाई रोज म्हणत.

"खिडकी राखीव आहे बाई. उभ्याने जातील त्या."

लोक हसतच आत जात. काकांनी मात्र प्रार्थना कधी आत बसून ऐकली नाही. दारातून जेवढी येई, तेवढी त्यांना पुरे. केस पिकले, पाठ वाकली. पण चालणे तेच राहिले. पायांखाली अजून बस धावते आहे अशा बेताने ते पाय फाकून टाकत.

मग एके दिवशी संस्थेने त्यांचा सत्कार केला. मी खिशात होतो. फुलांचा गुच्छ माझ्यावर दाबला गेला आणि त्याचे पाणी झिरपत माझ्यापर्यंत आले. अध्यक्ष म्हणाले, "काकांनी आता विश्रांती घ्यावी, ही आपणा सर्वांची प्रेमाची इच्छा आहे." टाळ्या वाजल्या. काकांनीही वाजवल्या. बोलायची एक रीत असते, असे त्यांना वाटले. मलाही तसेच वाटले.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीप्रमाणे आले. चपला खणात गेल्या, मी खिशात गेलो. कपाटापाशी नवी जाकिटे घातलेली दोन माणसे आधीच उभी होती.

"काका, तुम्ही इथे कसे?" कार्यवाह लगबगीने आले.

"कसे म्हणजे? पहिली फेरी माझीच असते."

"अहो, काल सत्कार झाला ना तुमचा?"

"झाला की. झकास झाला. मुलीला फोटो पाठवले. ती म्हणते, बाबा, तुम्ही तर नवरदेवच दिसताय."

कार्यवाह हसले नाहीत. "काका, तो निरोपाचा होता."

"निरोप कुणाचा?"

खिशात मला ठोका चुकलेला कळला.

"काढलं असं कुणी म्हणतंय का? सेवेतून मोकळं केलंय. आता आत बसायचं, निवांत ऐकायचं."

"माझं काही चुकलं का?"

"छे! चुकलं असतं तर सांगितलं नसतं का?"

"मग दारातच बसतो की निवांत. इथूनही ऐकू येतं."

"काका, अवघड करू नका. इतक्या वर्षांचा मान आहे तुमचा, तो राखा."

मित्रांनो, शिवी दिली असती तर काकांनी परतवली असती. दोष दिला असता तर ते भांडले असते. पण मानाच्या, प्रेमाच्या, विश्रांतीच्या त्या खोलीला दारच नव्हते. ते आत जाऊन बसले. सगळे डोळे मिटून होते. काकांचा कान बाहेर होता. चप्पल फळीवर पडल्याचा प्रत्येक आवाज त्यांच्या छातीत उमटत होता.

प्रार्थना संपताच सवयीने तेच आधी दाराशी आले. जाकिटातल्या नव्या बाईंनी हात पुढे केला. "टोकन?"

काकांनी मला त्यांच्या तळव्यावर ठेवले.

"यावर नंबरच नाही. हे आपल्याकडचं नाही, काका."

"नाही का?" काका मला परत घेत म्हणाले. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही विनातिकीटच."

ते वाकले. मला खिळ्यावर अडकवले, सरळ उभे राहिले आणि पायऱ्या उतरू लागले.

"अहो, चपला राहिल्या!"

"असू देत. माझा थांबा आला."

ते अनवाणी गेले. मी मात्र मनाशी म्हणालो, काका विसरले. खणात चपला असताना बिल्ला खिळ्यावर? नियम मोडला म्हणजे नक्कीच विसरले. आठवण होताच येतील.

पुढे सुतार आला. जुने कपाट उखडण्यापेक्षा त्यावर गुळगुळीत तक्ते ठोकायचे आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला नवे स्टँड उभे करायचे, असे ठरले होते. माझ्या भावंडांना पोत्यात भरले. मी त्यांच्या मोजणीत नव्हतो.

"साहेब, खाली चपला आहेत कुणाच्या तरी," सुतार म्हणाला.

"असतील. झाक वरून."

अंधार झाला. पलीकडून आवाज तेवढे येत. एकदा शिक्षिकाबाईंनी विचारले, "कंडक्टरकाका दिसत नाहीत?"

"तब्येत," कार्यवाहांचा आवाज आला. "त्यांनी स्वतःच थांबायचं ठरवलं."

"बरं झालं. आराम मिळाला बिचाऱ्यांना."

मी पितळेचा आहे, पण घंटा नाही. मला वाजता येत नाही. त्यानंतर कुणी विचारलेही नाही. तब्येत, हे मी चटकन धरून ठेवले. आजारी माणूस बरा होतो. बरा झाला की आपल्या चपला न्यायला येतो.

मित्रांनो, कधी तुमच्याही हाती एखादी संस्था येईल. तुम्हालाही एखाद्या जुन्या माणसाला थांबवावे लागेल. तेव्हा फुलांच्या आडून बोलू नका. त्याच्यासमोर बसा, कारण सांगा, त्याला रागावू द्या. आणि तो निघाला की त्याच्या चपला हातात घेऊन फाटकापर्यंत जा. त्याच्या वस्तू भिंतीत चिणू नका. वस्तूंना वाट पाहण्याखेरीज काही येत नाही.

आज सकाळीही तिरीप आली. फळीवरून चपलांवर, चपलांवरून माझ्यावर. मग ती तुटली. फाकून पडणारे ते पाय फाटकासमोर थबकले, आणि आज मी पाहिले.

ते काकांचे पाय आहेत. ते धडधाकट आहेत, रोज येथूनच जातात, आणि त्यांनी दुसऱ्या चपला घेतल्या आहेत.