भरावापलीकडे पाणी

लहानूनं पाइपाच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकून बसवली आणि वर रस्त्याच्या भरावावर उभ्या असलेल्या बायकोला ओरडून सांगितलं,

"टाक आता!"

पंचफुलानं भरावावरून पलीकडे टाकलेल्या पाइपाच्या माथ्यावरच्या भोकातून घागरीमागून घागर ओतली. लहानू वर्धा स्टेशनच्या पंपावर खलाशी, म्हणजे मदतनीस मजूर, होता; हे रबरी पाइप त्यानं तिथल्या भंगारातून आणले होते. पोळ्यापासून गावात पावसाचा थेंब नव्हता, पण वरच्या रानातल्या पावसानं नाल्याला पूर आला आणि पाणी भरावाला अडून चार दिवस बौद्धवस्तीत तुंबलं. लहानूच्या घराची मातीची भिंत गुडघाभर भिजली होती. भरावापलीकडे उतारावर बंडूजींची संत्र्याची बाग मात्र तहानेनं फळं गाळत होती. पाण्यासारखं आडमुठं दुसरं काही नसेल!

पाइप भरल्यावर पंचफुलानं भोक घट्ट बुजवलं. अलीकडची खुंटी लहानूनं उपटली, पलीकडची बंडूजींनी. पाइप घरघरला आणि पाणी भराव चढून बागेत उतरलं. साठीचे बंडूजी पोरासारखे टाळ्या वाजवू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाडांची आळी काठोकाठ भरली. बंडूजींनी खुंटी हातात घेतली.

"बस झालं, लहानू. झाडं सडतीन."

वस्तीत अजून घोट्याच्या वर पाणी होतं. लहानूला राग आला. तो गिळून त्यानं बागेतल्या विहिरीकडे बोट दाखवलं. तिचा तळ दिसत होता.

"हिच्यात सोडा जी. नाई त माही भिंत बसते."

वस्तीच्या घागरीला त्या विहिरीवर कधीच वाट नव्हती, आणि गेल्या दसऱ्याला वस्ती नागपूरला जाऊन धम्म घेऊन आली तेव्हापासून तर गावाच्या नजराही कडक झाल्या होत्या. बंडूजींनी खुंटी खाली ठेवली आणि पाइपाचं टोक स्वतःच ओढत नेऊन विहिरीत सोडलं.

संध्याकाळी अंगणातला चिखल उघडा पडला. भिंत उभी होती. पंचफुलाला इतकं हायसं वाटलं, की ती चिखलाच्या पायांनीच भराव ओलांडून बागेत आली. विहीर अर्धी भरली होती.

"बंडूजी, हे त आमचंच पाणी व्हय," ती हसून म्हणाली. "उन्हाळ्यात न्याले येऊ काय?"

लहानूनं घाबरून तिच्याकडे पाहिलं.

बंडूजींनी काठावरून वाकून पाण्यापर्यंतची खोली नजरेनं मापली.

"वीस हात दोर लागन," ते म्हणाले. "आखूड नोको आणजो."