चार मिनिटांची गाडी

गाडी सुरू होत होती आणि बरोबर चार मिनिटांनी बंद पडत होती. उद्या सोमवारी मला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचं होतं. नमुने ठिकठिकाणी फिरून गोळा करायचे, म्हणून स्वतःची दुचाकी ही नोकरीची अटच होती.

मोटरसायकल शेजारच्या वायरमनकाकांची. सहा वर्षं जिन्याखाली ताडपत्रीत उभी होती. मला विकताना त्यांनी ती निळ्या रंगाने चकाचक रंगवून दिली. मी बॅटरी आणि प्लग नवे टाकले, टाकीतला गंज धुतला, पेट्रोल काठोकाठ भरलं. तिसऱ्या किकला इंजिन धडधडलं तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. चार मिनिटं.

बंद पडली की मी कार्बोरेटर खोलून साफ करायचे, परत जोडायचे आणि गाडी सुरू व्हायची. पुन्हा चार मिनिटं. असं पाच वेळा झालं. प्रत्येक खेपेची नोंद वहीत होती: वेळ, प्लगचा रंग, कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा कोणता जेट साफ केला.

"मी विकली तेव्हा झकास होती," वायरमनकाका गॅलरीतून म्हणाले.

"तेव्हा ती उभी होती, काका."

"मग उभीच ठेवायची! उगाच हात लावलास."

मावशी दुपारच्या ड्युटीला निघाली होती. ती नर्स आहे. "काय शास्त्रज्ञबाई, पेशंट कसा आहे?"

मी वही तिच्या हातात दिली. तिने ती केसपेपरसारखी वाचली.

"कार्बोरेटर साफ केला की चालू होते," मी म्हणाले. "म्हणजे कचरा तिथेच अडकतोय."

"आणि त्याच वेळी दुसरं काय करतेस?"

"काही नाही."

"करून दाखव."

गाडी नुकतीच बंद पडली होती. मी सवयीने टाकीचं झाकण उघडलं, पेट्रोल आहे ना ते पाहिलं, झाकण लावलं आणि पाना उचलला.

"थांब. हे वहीत कुठाय?"

"हे काय लिहायचं? नुसतं बघितलं."

"आता कार्बोरेटरला हात न लावता किक मार."

गाडी सुरू झाली. माझी मलाच लाज वाटली. पाच वेळा मी दोन गोष्टी एकदम केल्या होत्या आणि श्रेय एकीलाच दिलं होतं.

"काचेच्या बाटलीतून सलाइन लावताना हवेसाठी वेगळी सुई टोचावी लागते," मावशी म्हणाली. "नाहीतर थेंब अडतात. तुझ्या बाटलीला हवा कुठून मिळते?"

झाकणाच्या मधोमध एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी तिथून हवा आत जाते. काकांचा निळा रंग त्यात वाळून घट्ट बसला होता. मावशीने पर्समधल्या शिवणाच्या सुईने तो उकरायला घेतला.

"माझा रंग खरवडू नका हं!" वरून आवाज आला.

"खाली या, तोच रंग तुमच्याही नाकाला लावते. मग बघू किती मिनिटं चालता ते."

झाकण लागलं, मी किक मारली. चार मिनिटं झाली, पाच झाली. मावशीने घड्याळ पाहिलं आणि मागे बसली.

"अगं, अजून खात्री नाही! अर्ध्या वाटेत बंद पडली तर?"

"तुझ्यापायी माझी बस गेली. दवाखाना नऊ किलोमीटर आहे. खात्री करायला आणखी काय हवं?"

दवाखान्याच्या फाटकापर्यंत सतरा मिनिटं लागली. इंजिन एकदाही अडखळलं नाही.

"उद्या किती वाजता निघणार?" उतरता उतरता मावशीने विचारलं.

"साडेआठला."

"आठला नीघ."

ती आत गेल्यावर मी मुद्दाम इंजिन बंद केलं. उद्या प्रत्येक नमुन्यापाशी ते बंद करावं लागणार होतं, आणि इतकं तापलेलं पुन्हा सुरू होतं का ते मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या किकला झालं.