इक्विटीच्या वाटा

अंजनीची नोकरी गेल्याचं कळलं तेव्हा चिंतामणी पिंपळखुटे ओमती भागातल्या छापखान्यात उभा होता, आणि त्याच्या हातात तिच्या सत्काराच्या दोनशे पत्रिका होत्या. शाई अजून ओली होती. नोकरी तर सुरूही झाली नव्हती. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला ती जिनिव्हाला रुजू होणार होती.

"बाबा, मेल आला. नोकरी गेली."

"कुठे गेली?" त्याला वाटलं, गाव बदललं असेल.

"कुठेच नाही गेली, संपली. पैसे देणाऱ्यांनी हात वर केले, पूरा प्रोजेक्ट बंद. सतरा लोकांना एकच मेल."

शेजारी या हिंदी मुलखातल्या शहराच्या मराठी मंडळाचे सचिव भय्यासाहेब एक पत्रिका डोळ्यांपासून लांब धरून बघत होते. चष्मा घरी राहिला होता. "काय झकास लाल अक्षर उठलं हो! फोनवर अंजू आहे का? तिला सांगा, नारळ चांगला पाण्याचा पाहून आणला आहे."

"अच्छा," चिंतामणी फोनमध्ये म्हणाला. "अच्छा, अच्छा. चलो, नारळ आणला आहे." आणि त्याने फोन ठेवला.

चिंतामणीने सरकारी फॅक्टरीत चौतीस वर्षं लेथ मशीन चालवलं. रिटायर झाल्यावर फॅक्टरीच्या कॉलनीतलं क्वार्टर सोडून घमापूर मोहल्ल्यात दोन खोल्यांचं घर घेतलं. तिथे आल्यावर वर्षभरात बायको गेली. कुंदा. त्यानंतर दीड वर्ष तो बाजारात दिसला की लोक आवाज खाली करायचे. भाजीवालीसुद्धा कोथिंबिरीचा भाव कानात सांगितल्यासारखा सांगायची. "कसं झालं हो एवढं अचानक?" असं विचारायचे. अचानक झालं नव्हतं, पण तो हो म्हणायचा.

मग अंजनी परदेशातून शिकून आली. तिचा विषय ग्लोबल हेल्थ इक्विटी. चिंतामणीला तो नीट सांगता येत नसे. "दवाखान्यापर्यंत कोण पोचतं न कोण पोचत नाही, त्याचा अभ्यास आहे," असं तो सांगायचा आणि समोरचा "म्हणजे डॉक्टर" म्हणायचा. पण जिनिव्हाची नोकरी लागली आणि सगळं बदललं. लोक रस्त्याच्या पलीकडून ओरडायला लागले. "कधी जाते? थंडी फार असते म्हणे! पासपोर्ट झाला?" चिंतामणीही ओरडून उत्तर द्यायचा. त्याने चाळीस घरी खोव्याची जिलबी वाटली. ऑटोवाल्याला सांगितलं, बँकेतल्या मुलीला सांगितलं, विजय नगरचा रस्ता विचारणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा आधी जिनिव्हा सांगितलं आणि मग रस्ता.

आता लोक पुन्हा आवाज खाली करणार. बाकी काहीही चाललं असतं, फक्त तेवढं नको होतं.

घरी आला तर अंजनी जमिनीवर बसून हसत होती. आधी रडून झालं होतं, डोळे सुजलेले दिसत होते, पण आता हसत होती.

"काहून हसून राहिली?"

"बाबा, छापखान्याने मला पत्रिकेचा फोटो पाठवला. वाचली तुम्ही?"

ठरलं होतं असं: 'ग्लोबल हेल्थ इक्विटी: उच्च शिक्षणानंतर करिअरच्या वाटा'. छापखान्याच्या हिंदी भैयाला ती ओळ मावली नाही. त्याने 'ग्लोबल हेल्थ' मुंगीएवढं करून वर कोपऱ्यात बसवलं. मधलं उच्च शिक्षण आणि करिअर काढूनच टाकलं. राहिलं ते अंगठ्याएवढ्या लाल अक्षरांत: 'इक्विटी' आणि त्याच्या खाली 'वाटा'.

"इक्विटी वाटा!" अंजनी म्हणाली. "लोकांना वाटेल, आपण शेअर वाटून राहिलो." चिंतामणीने पत्रिका दोनदा वाचली आणि तोही तिच्याजवळ खाली बसून हसायला लागला. दोघं इतके हसले की कॉलनीत शेजारी होत्या तशाच इथेही शेजारी असलेल्या बेबीताईंनी भिंतीपलीकडून हाक मारली, "काय झालं रे, तिकीट आलं काय?"

"येऊन राहिलं!" चिंतामणी ओरडला. खोटं बोलल्यावर त्याचं हसू थांबलं.

"कार्यक्रम रद्द करा म्हणून सांगा न त्यांना," अंजनी म्हणाली.

"उद्या सांगतो."

पण भय्यासाहेबांनी त्याच संध्याकाळी स्कूटरवरून सगळ्या पत्रिका वाटून टाकल्या. शुक्रवारी चिंतामणी त्यांच्या दारापर्यंत गेला, त्यांचं जेवण चाललेलं दिसलं म्हणून परत आला. शनिवारी वाक्य पाठ करूनच आत शिरला. 'भय्यासाहेब, सत्कार रद्द करा, नोकरी गेली.' एवढंच वाक्य.

"भय्यासाहेब..."

"दीडशे!" भय्यासाहेबांनी त्याचे दोन्ही हात धरले. "चिंतामणी, मी चाळीस वर्षं मंडळ चालवून राहिलो. एकेकाला घरून ओढून आणतो, तेव्हा कुठे तीस डोकी होतात. त्यातले दहा तर पोहे करायला आलेले असतात. न आता लोकच मला फोन करून राहिले! एक जण विचारतो, पॅन कार्ड आणायचं का? मी म्हटलं, आणा! काहून विचारलं माहीत नाही, पण उत्साह तर पाहा!"

त्यांचे डोळे भरून आले होते. चिंतामणी म्हणाला, "खुर्च्या पुरतील न?" आणि घरी आला.

रविवारी सकाळी दहा वाजता खुर्च्या पुरल्या नाहीत. लोक, बहुतेक फॅक्टरीच्या कॉलनीतलेच, खिडक्यांच्या कठड्यांवर बसले. निम्मे पुरुष डायऱ्या आणि पेन घेऊन आले होते, एकाकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळी शेअर सर्टिफिकेटं होती. बेबीताईंनी पहिली रांग धरून ठेवली होती आणि तिथे कोणाला बसू देत नव्हत्या. चिंतामणी आला तसं त्यांनी खुर्चीवर थाप मारली. "या वधूपिता!"

भय्यासाहेबांनी दिवा लावला. ते माइककडे वळतात तोच दुसऱ्या रांगेतले एक काका उभे राहिले. त्यांच्याने थांबवत नव्हतं. "बेटी, बाकी सब बाद में, बस इतना बता दो, दवाइयों वाली में डालें कि रुकें?"

"कशात डालें?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"इक्विटी में!" काकांनी पत्रिका उंच धरली.

भय्यासाहेबांनी खिशातून चष्मा काढला, लावला आणि ती पत्रिका पहिल्यांदाच वाचली. त्यांचा चेहरा हळूहळू अक्षरांच्या रंगाचा झाला. त्यांनी घाईघाईने कार्यक्रमपत्रिकेत पुढे जे होतं ते म्हटलं. "आता वडील दोन शब्द बोलतील."

चिंतामणी माइकजवळ गेला. समोर दीडशे तोंडं. पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे पळालं.

"दोन गोष्टी आहेत," तो म्हणाला. "हे शेअर बाजाराचं नाही, छापण्यात घोळ झाला. न दुसरं म्हणजे, अंजनीची नोकरी गेली. गुरुवारीच गेली. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

आता आवाज खाली जातील म्हणून चिंतामणी माइकचा दांडा धरून उभा राहिला.

"म्हणजे शेअर नाही, नोकरी नाही," मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं. "पोहे तरी आहेत न बापा?"

"आहेत!" भय्यासाहेब ओरडले. "दीडशे प्लेटी!"

"मग बसतो."

सगळा हॉल हसला. एक जण म्हणाला, "माझा पोरगा इंजिनियर होऊन सहा वर्षं घरी आहे, आधी त्याचा सत्कार करा न!"

"त्याला आधी झोपेतून उठवा," बेबीताई म्हणाल्या.

चिंतामणीही हसला, माइकमध्येच, आणि माइक किंचाळला, तेव्हा लोक आणखी हसले. कोणाचाही आवाज खाली गेला नव्हता.

मग अंजनी उठली. "माझी मराठी कच्ची आहे, सांभाळून घ्या. छापखान्यातल्या भैयाने घोळ केला, पण मला दोन वर्षं शब्द सापडत नव्हता तो त्याने लाल रंगात छापून दिला. वाटा. आपण घरी आजारी माणसासाठी मऊ भात वेगळा काढतो न, बाकीचे म्हणत नाहीत की आम्हाला पण तसाच पाहिजे. ज्याला जसा लागतो तसा त्याचा वाटा. एवढाच माझा विषय आहे."

"न पोटापाण्याचं काय?" पॅन कार्डवाल्याने विचारलं.

"आम्ही वर्गात अठ्ठावीस जण होतो. एक जण सरकारी खात्यात फायली वाचतो. एकीने रिपोर्ट लिहून देणारी कंपनी धरली, ती सगळ्यांत जास्त कमावते न सगळ्यांत जास्त रडते. तिघं पीएचडी करतात, कारण पुढे काय करायचं ते ठरत नाही. एक डॉक्टर होता, तो परत जाऊन डॉक्टरच झाला. न मी इथे नोकरी जाऊन सत्कार घेऊन राहिली."

लोक टाळ्या वाजवायला लागले. तिने हाताने थांबवलं.

"मी माझा प्रबंध आपल्याच कॉलनीवर लिहिला. तिसऱ्या प्रकरणात एक बाई आहे. नाव नाही लिहिलं, फक्त 'के' लिहिलं. तिच्या क्वार्टरपासून दवाखाना तीनशे पावलं. औषध फुकट, डॉक्टर चांगले. बायकांची वेळ नऊ ते बारा. बाराला फॅक्टरीचा भोंगा व्हायचा न नवरा सायकलने जेवायला यायचा. त्याच्या आधीचे तीन तास तिचे चुलीपाशी. सगळ्यांना तिने दवाखान्यात नेलं. सासूला, मला, शेजारणीला. स्वतःला दाखवायला गेली तेव्हा उशीर झाला होता."

चिंतामणी पहिल्या रांगेत बसला होता. बारा वाजून पाच मिनिटांनी तो घरी पोचायचा. पोळी तव्यावरून थेट ताटात पडायला हवी, असं तो कधी म्हणाला नव्हता. म्हणावंच लागत नव्हतं.

"इथे अजून कोण बाराच्या आत पोचलं नाही?" अंजनीने विचारलं.

पहिला हात बेबीताईंनी वर केला. त्यांनी तो चिंतामणीकडे न बघता वर केला. मग मागच्या रांगेत बांगड्या वाजल्या, मग खिडकीपाशी, मग पोह्यांच्या पातेल्याजवळ. पुरुष माना वळवून आपापल्या बायकांचे हात बघायला लागले.

"तू मला सांगितलं काहून नाही?" एका नवऱ्याने विचारलं.

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणाले, आधी भाजी वाढ."

त्यानंतर कार्यक्रम कोणाच्याच हातात राहिला नाही. बायका एकदम बोलायला लागल्या, हसायला लागल्या, एकमेकींच्या नवऱ्यांची उणीदुणी काढायला लागल्या. माइक बेबीताईंकडे गेला तो परत आला नाही. दवाखान्याकडे दुपारी तीनची वेळ मागायची की चारची, यावर दोन तट पडले. तीनला पाणी येतं, चारला नातवंडं येतात. भय्यासाहेबांनी "ठराव मांडा, अनुमोदन द्या" म्हणत हॉलभर चकरा मारल्या. शेवटी साडेतीन ठरलं. अर्जाला कागद नव्हता, म्हणून पत्रिकांच्या पाठीमागे सह्या घेतल्या. शेअर सर्टिफिकेटवाल्या काकांनी विचारलं, "सही के साथ पैन नंबर भी डाल दूँ?"

"डालो!" भय्यासाहेब म्हणाले.

चिंतामणीनेही सही केली. बेबीताई त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "कुंदाने मला ओढून नेलं होतं रे, तेवढी एकच वेळ. शुगर तेव्हाच सापडली. मी तिला नाही नेलं."

"मीही नाही नेलं," चिंतामणी म्हणाला.

एवढं दोन वर्षांत त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. मग दोघं पोह्यांच्या रांगेत उभे राहिले, कारण पोहे संपत आले होते.

या गोष्टीला आता चार महिने झाले. गडबडीत शाल आणि नारळ द्यायचा राहूनच गेला. तो नारळ भय्यासाहेबांच्या कपाटात आहे. अंजनीला अजून नोकरी नाही. तिच्या तीन मुलाखती झाल्या आहेत, एकीचं उत्तर यायचं आहे. आठवड्यातून तीन दिवस ती ऑटोने कॉलनीत जाते आणि दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून कोण आलं, कोण परत गेलं ते लिहून ठेवते. अर्ज एकशे बारा सह्यांसह दिला आहे. दवाखान्याची वेळ अजून नऊ ते बाराच आहे.

प्रबंध टेबलावर आहे. चिंतामणीला इंग्रजी फॅक्टरीतल्या ड्रॉइंगपुरतं येतं, म्हणून तो दिवसाला एक पान वाचतो. पहिली दोन प्रकरणं वाचून झाली आहेत. तिसरं वाचायचं राहिलं आहे.