तुरेवाल्या नेच्याची पाटी

भाचा रोज सगळ्यांच्या आधी काचघरात शिरायचा आणि कात्री घेऊन त्या एकाच कुंडीपाशी उकिडवा बसायचा. कशासाठी, ते मामांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्या कुंडीतल्या नेच्याच्या, म्हणजे फर्नच्या, पानांच्या टोकांना कोंबड्याच्या तुऱ्यासारखी झालर होती. तेवढ्यावर भाचा तो नवा वाण म्हणून नोंदवायला निघाला होता. पण चार-दोन दिवसांनी बुडातून एखादं साधं, सरळ पान डोकं वर काढायचंच. भाचा ते मुळाशी छाटून खिशात कोंबायचा. एकदा धुवायला टाकलेल्या त्याच्या विजारीच्या खिशात मामांच्या हाताला कुजक्या पानांचा बुळबुळीत गोळा लागला, तेव्हा त्यांना ओकारी आली.

नेचे मंडळाचा नियम साधा होता. सहा महिने एकही पान जुन्या वळणावर गेलं नाही, तरच नवं नाव.

"आणि नाव कुणाचं देतोय? तुमचं," भाचा म्हणाला. "आता तरी तोंड वाकडं करू नका."

मामांनी जन्मभर दुसऱ्यांच्या नावाच्या पाट्या कुंड्यांत खोचल्या होत्या. त्यांना मोह पडला. सहा महिने ते मूग गिळून बसले आणि रोज आरशात स्वतःचं तोंड बघून त्यांना शिसारी यायची.

मंडळाच्या तपासनीस बाई आल्या. त्यांनी पान उलटून मागचे तपकिरी ठिपके भिंगातून न्याहाळले.

"मामा, रोपं तुमच्या हातची. साधं पान कधी आलं का? तुम्ही सांगाल ते लिहिते."

"छे हो, कुठलं," भाचा मध्येच म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं."

मामांनी कुंडीतलं शेवाळ बोटाने बाजूला सारलं. खाली छाटलेल्या देठांची खुंटं होती, बरीचशी काळी पडलेली, दोन अजून ओली.

"मोजा," ते म्हणाले. "मला सहा महिने ठाऊक होतं. तेही लिहा."

बाईंनी खुंटं मोजली, अर्जावर 'जुनाच वाण' असं लिहिलं आणि निघून गेल्या.

"आलेलं नाव घालवलंत," भाचा दातओठ खात म्हणाला. "आता बसा कुंड्या उचलत."

"बसून कशा उचलणार रे?"

मामांनी ती कुंडी साध्या नेच्यांच्या रांगेत नेऊन ठेवली. मग नळावर जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. हुंगून बघितले, आणि पुन्हा धुतले.