दगडाला लागलेला झाडू

एल्स्पेथ डॅलग्लिश चोर आहे, हे मला चौतीस वर्षं माहीत आहे. स्कॉटलंडमधल्या आमच्या ऑखनमोर गावात हे मला एकटीलाच माहीत आहे, आणि तेवढ्या एका गोष्टीत मी तिच्यापेक्षा वर आहे. बाकी सगळं तिच्याकडे. नवरा दातांचा डॉक्टर, टेकडीवर घर, कर्लिंग क्लबचं अध्यक्षपद, आणि पासष्टी उलटली तरी गुडघे शाबूत. माझे दोन्ही गुडघे जूनमध्ये बदलायचे आहेत. डॉक्टरने स्पष्ट सांगितलंय की त्यानंतर बर्फावर पाय ठेवायचा नाही.

आणि यंदाच, एप्रिलमध्ये, पन्नाशी उलटलेल्या बायकांची जागतिक स्पर्धा आमच्याच गावच्या बर्फावर भरली.

काय एकेक नमुने आले होते म्हणून सांगू! हंगेरीच्या चौघींनी केस एकाच डबीतून रंगवलेले. डेन्मार्कच्या बायका दर दगडानंतर गोल करून चर्चा करायच्या, जशी काही लग्नाची बोलणी चाललीत. काही तर अशा देशांतून आलेल्या की जिथे बर्फ फक्त गिलासात सापडतो. त्यांची जाकिटं मात्र आमच्यापेक्षा भारी. पहिल्या दिवशी बॅगपाइपवाला पुढे आणि सगळे देश मागे अशी मिरवणूक निघाली, तेव्हा या बाया मोबाइल वर धरून त्याच्या घागऱ्याचे फोटो काढत होत्या. मी मुकाट चालले. हा खेळ आमचा. माझी आजी गोठलेल्या तळ्यावर खेळायची, तेव्हा यांच्या आज्यांना हे नावही ठाऊक नव्हतं.

कर्लिंगचा खेळ तसा साधा आहे. वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून सरकवायचा, पलीकडे रंगवलेल्या वर्तुळांत. त्या वर्तुळांना आम्ही घर म्हणतो. मधल्या ठिपक्याला ज्याचा दगड सगळ्यात जवळ, गुण त्याचा. दगड चालू असताना दोघीजणी त्याच्यापुढे बर्फ झाडत पळतात, म्हणजे तो लांब जातो. मी झाडणारी. जन्मभर झाडतच आले. फक्त झाडू चालत्या दगडाला लागता कामा नये. लागला तर दगड बाटला. आणि तो लागला हे ज्याचा झाडू त्यानेच सांगायचं, दुसऱ्याने बोट दाखवायचं नाही. ही आमची रीत आहे. मग त्या दगडाचं काय करायचं ते समोरची कॅप्टन ठरवते.

आता चोरीची गोष्ट.

चौतीस वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना होता. एल्स्पेथ आमची कॅप्टन, मी झाडणारी. शेवटचा दगड आमचा. तो घरात शिरला, त्याचा दम संपत आला होता, तेव्हा एल्स्पेथ स्वतः झाडू घेऊन वाकली आणि तिचा झाडू दगडाला टेकला. टेकला म्हणजे टेकलाच. माझ्या नाकासमोर. दगड जरासा वळला आणि नेमका ठिपक्याजवळ जाऊन बसला. पलीकडच्या कुणाला दिसलं नाही. एल्स्पेथने वर पाहिलं. मी वाट बघितली, आता बोलेल, मग बोलेल. ती बोलली नाही. आम्ही जिंकलो.

मी का बोलले नाही असं कुणी विचारेल. मी का बोलू? झाडू तिचा, दगड तिचा, जीभ तिची. ते मेडल माझ्या बैठकीच्या खोलीत घड्याळाखाली लावलेलं आहे. दर वर्षअखेरीला घर झाडते तेव्हा तेही पुसते, आणि पुसताना दर वेळी मनात म्हणते, चोरटी कुठली.

पुढच्या वर्षी मी तिचा संघ सोडला. दुसऱ्या कॅप्टनांबरोबर खेळले, देशाकडूनही दोनदा खेळले, पण जागतिक सोनं काही हाती लागलं नाही. एकदा चौथ्या, एकदा सहाव्या. आणि बाई इकडे क्लबमधली बडी असामी होऊन बसल्या.

यंदा फेब्रुवारीत, या स्पर्धेसाठी निवडलेल्या तिच्या संघातली झाडणारी पायरीवरून घसरून मनगट मोडून बसली, आणि एल्स्पेथ माझ्या दारात उभी राहिली.

"इश्बेल, येशील का गं?"

"माझे गुडघे गेलेत."

"झाडायला हात लागतात. हात आहेत ना?"

"गावात दुसरी कुणी मिळाली नाही वाटतं?"

"मिळाल्या. पण तुझ्यासारखी झाडणारी नाही मिळाली," ती म्हणाली. मग दाराच्या चौकटीकडे बघत पुढे म्हणाली, "शेवटचंच आहे. तुझंही, माझंही."

मी तिला आत बोलावलं नाही. आत आली असती तर घड्याळाखाली नजर गेली असती. दारातच हो म्हटलं. तिच्यासाठी नाही हं. सोन्यासाठी. चोराच्या हाताखाली खेळायचं तर खेळायचं, पण बर्फ सोडायच्या आधी एकदा ते सोनं गळ्यात पडू दे, एवढंच मागणं होतं माझं.

आणि उद्घाटनाला बाईंनी काय करावं? भाषण! गावातल्या शाळेच्या मुली पुढे बसवलेल्या, चौदा देशांच्या बाया खुर्च्यांवर, आणि एल्स्पेथ माइकसमोर.

"आमच्या खेळात पंच असतो, पण तो नुसता बसलेला असतो," ती म्हणाली. "तुमचा झाडू दगडाला लागला तर तुम्हीच हात वर करायचा. जिंकण्यापेक्षा ते मोठं आहे."

टाळ्या पडल्या. मी शॉर्टब्रेडचा घास घेतला होता, तो घशात अडकला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आमच्यातली दुसरी झाडणारी नेटा, तिने माझ्या पाठीत थापट्या मारल्या.

"काय झालं गं?"

"काही नाही. बिस्किट कोरडं आहे."

"रडलीस का काय? छान बोलली ना एल्स्पेथ?"

नेटा हे एक वेगळंच प्रकरण आहे. तिला सगळं छान वाटतं. पाऊस छान, मसुराचं पातळ सूप छान, हरलेला सामनासुद्धा छान. अशा बाईबरोबर दहा दिवस झाडत पळायचं म्हणजे शिक्षाच.

पण जिंकत गेलो. हंगेरीला धुतलं. डेन्मार्कची बोलणी संपायच्या आत सामना संपवला. उपांत्य फेरीत स्वीडनच्या बायका, थंड डोक्याच्या, तोंडातून अवाक्षर न काढणाऱ्या, पण आमची ऊना शेवटचे दगड असे काही टाकत होती की त्यांचं थंड डोकं शेवटी तापलंच. एल्स्पेथ घरात उभी राहून हुकूम सोडायची, ऊना टाकायची, मी आणि नेटा झाडायचो. रात्री मी गुडघ्यांवर गोठवलेल्या वाटाण्यांच्या पिशव्या ठेवून पडायची. दुखणं मरणाचं होतं, पण सोनं आता एका सामन्यावर आलं होतं.

अंतिम सामना शनिवारी दुपारी, कॅनडाशी. त्यांची कॅप्टन डार्लीन, गव्हाच्या शेतातून आलेली दणकट बाई. हसायची मोठ्याने, बोलायची त्याहून मोठ्याने. सामन्याआधी हात मिळवताना मला म्हणाली, "तू अजून झाडतेस? तुझे गुडघे बघूनच मला दुखायला लागलं!" मी म्हटलं, "तू स्वतःचे दगड सांभाळ, बाई." तिला ते विनोदी वाटलं.

आठ डाव असतात. सातव्याअखेर बरोबरी होती. आठव्यात शेवटचा दगड आमचा. ठिपक्यापासून हातभर अंतरावर त्यांचा पिवळा दगड होता. आमचा लाल दगड त्याच्या आत जाऊन थांबला की सोनं आमचं. नाही थांबला तर त्यांचं. इतकं साधं.

ऊनाने टाकला. पहिल्या दहा फुटांतच मला कळलं की दगड दमाने कमी आहे.

"झाडा!" एल्स्पेथ पलीकडून ओरडली. "झाडा गं, जीव खाऊन झाडा!"

झाडलं. आई गं, काय झाडलं! गुडघ्यांतून कळा डोक्यात जात होत्या. नेटा पलीकडून, मी अलीकडून. दगड घराच्या कडेला आला, आत आला, आणि रेंगाळायला लागला. एल्स्पेथ पुढे आली, वाकली, आमच्याबरोबर झाडायला लागली.

आणि तिचा झाडू टेकला.

तसाच. तीच बाजू, तोच हात. फक्त आता हाताला डाग पडलेत आणि अंगठी सैल झाली आहे. डार्लीन मागे उभी होती, पण मध्ये एल्स्पेथची पाठ. नेटाचं लक्ष बर्फाकडे. दिसलं ते मला एकटीला. दगड टीचभर पुढे गेला आणि पिवळ्याच्या आत जाऊन थांबला.

सगळं छत दणाणलं. ऊना तिकडून नाचत निघाली. डार्लीनने मान हलवली आणि हात पुढे केला.

मी एल्स्पेथकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. चौतीस वर्षं मी तिला मनातल्या मनात चोर म्हणत होते, आणि त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगते. लाज वाटते, पण सांगते. मी मनात म्हटलं, गप्प बस. देवाशपथ, एल्स्पेथ, एवढ्या एका वेळी गप्प बस.

एल्स्पेथने हात वर केला.

"थांबा. माझा झाडू लागलाय."

ऊना नाचता नाचता थांबली. नेटा म्हणाली, "काय?" लोकांचा आवाज हळूहळू विरत गेला. पंच खुर्चीतून उठला, पण त्याला करण्यासारखं काही नव्हतं. आता काय करायचं ते डार्लीन ठरवणार होती.

ती खाली वाकून दगड बघत राहिली. पहिल्यांदाच ती हळू आवाजात बोलली.

"नुसता टेकला असेल, आणि दगड तसाही तिथेच गेला असता, तर मी तो राहू देईन. असं जिंकायला मला आवडत नाही." मग ती माझ्याकडे वळली. "तू तर अगदी लागून होतीस. फरक पडला का?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. फरक पडला होता. डोळ्यांनी बघितलं होतं. खरं बोलले असते तर सोनं गेलं असतं. एवढंच बोलायचं होतं, एक शब्द.

"मी पाहिलंच नाही," मी म्हटलं. "लागला असेल तर अगदी नावाला. दगड तसाच गेला असता."

डार्लीनने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. शेतातल्या माणसांना खोटं लवकर कळतं की काय कोण जाणे.

"पडला फरक," एल्स्पेथ म्हणाली. "टीचभर गेला पुढे. काढ तो."

डार्लीनने पायाने आमचा दगड घराबाहेर सरकवला. पिवळा एकटा राहिला. सोनं कॅनडाचं झालं.

ऊना रडली. नेटा म्हणाली, "रुपेही छान असतं गं." तिला बर्फात पुरावंसं वाटलं मला. मेडल देताना एल्स्पेथसाठी लोक उभे राहिले, शाळेच्या मुलींनी तर बाकांवर चढून टाळ्या वाजवल्या. मला इतका संताप आला होता की पाइप वाजताहेत की मांजर रडतंय ते कळेना. चौतीस वर्षं उशिरा सोवळं नेसली ही, आणि तेही माझ्या सोन्यावर!

जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पाजायचं ही रीत आहे. वरच्या मजल्यावर कॅनडाच्या बायकांनी व्हिस्की मागवली. डार्लीन पुन्हा मोठ्याने हसत होती. मी खिडकीजवळच्या टेबलावर बसले, गुडघे लांब करून. एल्स्पेथ आपला गिलास घेऊन समोर येऊन बसली.

"बोल," ती म्हणाली. "शिव्या घालायच्या तर घाल."

"तुला आजच पुण्य करायचं होतं? माझा शेवटचा सामना होता."

"माझाही होता."

"त्या वेळी कुठे गेली होती ही अक्कल?" मी म्हटलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालं.

ती दचकली नाही. "म्हणजे पाहिलं होतंस तू," ती म्हणाली. "मला खात्री होतीच. त्या दिवशी मी वर पाहिलं ना, ते तुझ्याकडेच. नुसतं तोंड उघडलं असतंस, नुसती भुवई उचलली असतीस, तर मी हात वर केला असता. धीर होत नव्हता गं एकटीला. तू मान खाली घालून झाडू पुसायला लागलीस. मला वाटलं, हिला चालतंय."

"माझ्यावर ढकलू नकोस. झाडू तुझा होता."

"माझाच होता. चोर मीच." तिने व्हिस्कीचा घोट घेतला. "आज पुन्हा तुझ्याकडे बघितलं. आज तुझ्या डोळ्यांत नीट वाचता आलं मला, तुला काय हवंय ते. तेव्हा म्हटलं, आता हिची वाट बघण्यात अर्थ नाही."

पलीकडे डार्लीन नेटाला काहीतरी सांगत होती आणि नेटा छान छान म्हणत होती.

"ते मेडल मी त्याच वर्षी नदीत टाकलं," एल्स्पेथ म्हणाली. "पुलावरून. घरात ठेववेना. नवऱ्याला सांगितलं, हरवलं." मग तिने खरोखरच माहीत नसल्यासारखं, साध्या आवाजात विचारलं, "तुझं कुठाय गं?"

माझ्या डोळ्यांपुढे घड्याळ आलं. डिसेंबरातच पुसलं होतं मी ते मेडल, लिंबू आणि मीठ लावून, चांगलं लख्ख.

"असेल कुठेतरी," मी म्हटलं, आणि कॅनडाची व्हिस्की पिऊन टाकली.