तीन नंबर आणि आठ नंबर

त्या डिसेंबरात व्हर्लिनने एक हरणी जखमी केली आणि ती त्याला सापडलीच नाही. रक्ताचा माग ओढ्यापर्यंत गेला, पुढे काही नाही. चार दिवसांनी शेजारच्या ऑर्व्हिलचा फोन आला. "तुझी हरणी माझ्या मक्याच्या कडेला पडलीये. कोल्ह्यांनी खाल्लीये निम्मी."

व्हर्लिन "बरं" म्हणाला आणि त्या दिवशी जेवला नाही.

मी मार्लिस, त्याची बायको. त्या काळी आमच्या आयोवात हरणावर रायफल चालत नसे. छर्ऱ्याची बंदूक घ्यायची आणि छर्ऱ्यांऐवजी तिच्यात एकच जाड शिशाची गोळी घालायची. व्हर्लिनच्या बंदुकीच्या नळीला आतून पीळ होता, म्हणजे गोळी गरगरत सरळ जायला हवी. काडतुसं तो तळघरात स्वतः भरायचा.

उन्हाळ्यात आम्ही कुरणात शंभर यार्डांवर निशाणाचा कागद लावला. पाच गोळ्या झाडल्या. तीन गोळ्या एका बशीएवढ्या जागेत लागल्या, दोन हातभर बाजूला.

"बंदूक म्हातारी झाली," तो म्हणाला.

"तीन गोळ्यांपुरती तरुण होते का?"

डेअरीच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं दुधाचे नमुने तपासले होते. त्याची भरणी बघत बसले. बंदुकीची दारू तो काट्यावर तोलून घालत होता, प्रत्येक गोळीही तोलत होता. त्यात चूक नव्हती. मग मी दहा रिकाम्या काडतुसांवर शाईने आकडे घातले आणि त्याला म्हटलं, "हीच पुन्हा पुन्हा भर."

तीन शनिवार गेले. प्रत्येक वेळी भरकटली ती तीन आणि आठ नंबरची.

मी ती दोन्ही भरून उजेडात धरली. गोळी आत दाबून धरायला काडतुसाचं प्लास्टिकचं तोंड दुमडलेलं असतं; बाकीच्यांची तोंडं टणक होती. या दोन्हींची अंगठ्याने दाबली तर आत जात होती; तोंड सैल पडलं की दारू नीट पेटत नाही आणि गोळी भरकटते.

"किती वेळा भरलीयेत ही?"

"मोजलं नाही. हेंकची आहेत."

हेंक त्याचा थोरला भाऊ, दोन वर्षांपूर्वी गेला. जाण्याआधी त्याने आपली काडतुसं व्हर्लिनला दिली होती, आणि ती नव्यांत मिसळून गेली होती.

"हरणीवर झाडलंस तेही त्यांच्यातलंच?"

"असेल," तो म्हणाला. "फेकू नकोस."

त्याने हेंकची सगळी निवडून कॉफीच्या डब्यात ठेवली. उरलेल्या नव्यांतल्या पाच गोळ्या पुढच्या शनिवारी बशीत बसल्या.

हंगामाच्या पहिल्या दिवशी दीडशे यार्डांवर मोठा नर उभा राहिला. व्हर्लिनने बंदूक उचलली नाही. तिसऱ्या दिवशी सत्तर यार्डांवर एक मादी आली, तिच्यावर त्याने एकच गोळी झाडली. ओढून न्यायला ऑर्व्हिल आला.

"परवाचा एवढा मोठा सोडलास, आणि ही घेतलीस?"

"तो लांब होता."

"दीडशे यार्ड लांब? मागच्या वर्षी तू तर..."

"हो. मागच्या वर्षी एवढ्या लांबून झाडली होती," व्हर्लिन म्हणाला आणि त्याने मादीचे मागचे पाय धरले.

मांसाचे सॉसेज केले, एक मांडी ऑर्व्हिलकडे पाठवली. त्या संध्याकाळी व्हर्लिनने दोनदा वाढून घेतलं. "मी पोचलो तेव्हा ती मेलेलीच होती," असंही दोनदा सांगितलं.